मोर्तबापासून चार अंकांपर्यंत

अठराव्या शतकात पुण्याहून काशीला निघणारा सधन यात्रेकरू आपले सारे द्रव्य कमरेच्या कशात बांधून निघत नसे. वाटेवरील घाट, नद्यांचे उतार, चौकीपहाऱ्यांची अवस्था आणि लुटारूंचा उपद्रव यांची त्याला पुरती कल्पना असे, म्हणून तो आपली रोकड पुण्यातील एखाद्या पेढीवर भरी, सावकाराला हुंडणावळ देई, आणि काशीच्या सराफावर लिहिलेली हुंडी जवळ बाळगून मार्गस्थ होई. ती चोरीला जाण्याचा संभव अर्थातच होता. परंतु चोराला तिचा उपयोग होऊ नये अशी तजवीज त्या कागदाच्या रचनेतच केलेली असे. बँकेचे कार्ड आणि त्याचा पिन सांभाळण्याविषयी जो उपदेश आज आपल्याला उठताबसता ऐकावा लागतो, त्याचा पूर्वेतिहास पाहावयाचा तर या तजविजीपासूनच आरंभ केला पाहिजे.

रक्कम अंकांत लिहावी, मग अक्षरांत लिहावी, आणि तेवढ्यानेही समाधान न मानता तिचे निमे किती ते सांगून त्या निम्याची दुप्पट द्यावी असे नमूद करावे, हा हुंडीलेखनाचा परिपाठ होता. कारण शंभराच्या आकड्यावर एक शून्य चढविणे कोणाही लबाडास साध्य असले, तरी निमे पन्नास या अक्षरांचे निमे पाचशे करणे त्याला दुर्घट जाई. राजदप्तरातही हीच दक्षता दिसते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची मुद्रा उमटविली जाई ती शोभेसाठी नव्हे. मजकूर येथे संपला, यापुढे घुसडलेले अक्षर सरकारचे नव्हे, असा तिचा अर्थ होता.

हुंडीचे पैसे कोणाला द्यावयाचे याचेही भेद होते. त्यांतील शहाजोग हुंडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ती कोणीही अनोळखी इसमाने पेढीवर आणून रोख रक्कम उचलावी अशी सोय नव्हती. पैसे मिळत ते बाजारात पत असलेल्या शहाला, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्याला, आणि पुढे हुंडी चोरीची अथवा बनावट निघाली तर त्याच शहाने ती रक्कम परत करावी असा रिवाज होता. हुंडी गहाळ झाली तर तिची पेठ, म्हणजे दुसरी प्रत, मिळे, पेठही गहाळ झाली तर परपेठ मिळे. आणि एकदा पैसे चुकते झाले की मूळ कागदाचा खोका होऊन तो दप्तरी पडे. या साऱ्या व्यवस्थेचे मर्म असे की समोरचा मनुष्य खरा की खोटा हे पारखण्याचे ओझे प्राधान्येकरून पैसे देणाऱ्याच्या शिरावर होते. सराफाने चुकीच्या माणसाला पैसे दिले तर ती सराफाची चूक. यात्रेकरूने काही गुप्त शब्द नीट लपविला नाही, असे त्याला म्हणता येत नसे.

इंग्रजी अमलात पेढीची जागा बँकेने घेतली आणि चेहऱ्याची ओळख मागे पडून सहीची ओळख पुढे आली. जेथे सही नव्हती तेथे अंगठा आला, आणि या अंगठ्याचा आधुनिक प्रशासकीय उपयोग प्रथम हिंदुस्थानातच झाला हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालातील जंगीपूर येथे एका कंत्राटाच्या कागदावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, आणि पुढे १८७७ मध्ये हुगळीला तो निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेऊ लागला. मृताच्या नावावर दुसऱ्यानेच येऊन पैसे उचलावे हा प्रकार त्याला थांबवावयाचा होता. तरीही सही किंवा ठसा नमुन्याशी ताडून पाहणारा डोळा कारकुनाचाच होता.

तो डोळा नाहीसा झाला तेव्हा खरा पालट घडला. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेकडील एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेच्या भिंतीत पैसे देणारे यंत्र बसविण्यात आले. त्याचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्या शिलाँगचा. त्याच्या यंत्राला कार्ड नव्हते. किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेला कागदी धनादेश त्यात घालावा लागे, आणि एका वेळी मिळत ते अवघे दहा पौंड. मात्र संख्यागुप्तीचा, म्हणजे पिनचा, मान निर्विवादपणे त्याला देता येत नाही. ग्लासगोचा अभियंता जेम्स गुडफेलो याने २ मे १९६६ रोजीच कार्ड आणि अंकांच्या कळा यांची जोडी योजून पेटंटसाठी अर्ज केला होता. अंक चारच का, याची शेफर्ड-बॅरनने सांगितलेली हकीकत मनोरंजक आहे: आपल्या लष्करी क्रमांकावरून त्याने सहा अंक योजले होते, पण मला चारच लक्षात राहतात असे पत्नीने घरी सांगितल्यामुळे त्याने चार पत्करले. लष्करी शिस्तीचा गृहिणीच्या स्मरणशक्तीपुढे झालेला हा पराभव आज जगातील असंख्य लोक खिशात घेऊन हिंडत आहेत.

भारतात असे यंत्र १९८७ मध्ये हाँगकाँग बँकेने मुंबईत आणले. यंत्राला चेहरा कळत नाही, सही वाचता येत नाही. कार्ड आणि चार अंक ज्याच्यापाशी असतील तोच त्याच्या लेखी खातेदार. चार अंकांचे दहा हजारच मेळ होतात, आणि लोक त्यांतूनही स्वतःची जन्मतारीख निवडतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, चोरलेल्या पाकिटात जन्मतारखेचा कागद असेल तर चतुर चोराला अकरा ते अठरा पाकिटांमागे एका कार्डाचा पिन साधतो. शिवाय कार्डावरील चुंबकीय पट्टी नक्कल करण्यास इतकी सोपी होती की यंत्राच्या तोंडाशी एक खोटा वाचक आणि कळांच्या वर एक बारीक कॅमेरा बसविला की काम भागे. म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घालून पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यास बँकांना भाग पाडले. कळा दाबताना दुसरा तळहात आडवा धरा, हा उपदेश त्या कॅमेऱ्यासाठीच आहे. उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविणाऱ्या दलालांच्या करपल्लवीसारखाच हा प्रकार, आणि तो आजही तितकाच उपयोगी आहे.

परंतु सारा दोष खातेदाराच्या तळहातावर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डांनी अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले, आणि त्यात कोणा खातेदाराने पिन सांगितला होता असे नव्हे. शहाजोग हुंडीच्या काळी जी जबाबदारी देणाऱ्याची होती ती यंत्राबरोबर नकळत घेणाऱ्याकडे सरकली, आणि ती अंशतः तरी परत फिरविण्यास २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ६ जुलैला रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रसंगी, सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले तर ग्राहकाला तोशीस नाही. मात्र पिन स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. तेव्हा कार्ड हरवले किंवा न काढलेल्या पैशांचा संदेश आला, तर शोधाशोध, घरच्यांची समजूत आणि पोलीस ठाणे ही सारी मागाहून. पहिला दूरध्वनी बँकेला करावा, आणि तक्रार नोंदल्याचा क्रमांक मागून घ्यावा.