स्वेदग्रंथींची सौम्य अर्बुदे : निदान

घाम तयार करणाऱ्या ग्रंथी आणि तो त्वचेच्या पृष्ठभागावर आणणाऱ्या नलिका यांच्या पेशींशी साम्य असलेल्या, कर्करोग नसलेल्या गाठी. बहुतेक गाठी एकेकट्या असतात व सावकाश वाढतात. डोळ्यांखाली पुंजक्याने येणारा सिरिंगोमा सोडला, तर बाकीच्या विरळाच. स्वेदग्रंथी एक्राइन व अपोक्राइन अशा दोन प्रकारच्या; कोणती गाठ एक्राइन ग्रंथीची आणि कोणती अपोक्राइन ग्रंथीची, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही.

नुसत्या नजरेने निदान क्वचितच ठरते. रुग्ण ‘मस’, ‘चामखीळ’ किंवा ‘चरबीची गाठ’ म्हणून येतो आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेच नाव असते.

पोरोमा हे याचे ठळक उदाहरण. १९५६ मध्ये गोल्डमन, पिंकस व रोगिन यांनी त्याचे वर्णन केले. तळपाय व तळहात या त्याच्या नेहमीच्या जागा, कारण तेथे एक्राइन ग्रंथी दाट असतात. नाशिक जिल्ह्यात शेतात अनवाणी वावरणाऱ्याच्या तळपायाला कुरूप होणे नवे नाही. त्यामुळे पोरोमाही कुरूप म्हणून तासला जातो. तासताना लक्ष दिले तर फरक कळतो. कुरुपात मध्यभागी टणक गाभा लागतो, चामखिळीत काळे ठिपके दिसतात. पोरोमा मऊ, लालसर असतो, थोड्या घासण्यानेही रक्ताळतो आणि त्याच्या भोवती अनेकदा खंदकासारखी खाच असते. रंगद्रव्यहीन मेलानोमा हा घातक कर्करोगही असाच दिसू शकतो. म्हणून अशा जागी ‘बघू पुढे’ म्हणणे धोक्याचे.

स्पायरॅडेनोमा दुखतो, दाबल्यावर कळ येणाऱ्या त्वचेच्या मोजक्या गाठींत त्याची गणना होते. सिलिंड्रोमा बहुधा डोक्यावर येतो. अशा अनेक गाठी असून घरात इतरांनाही असतील, तर सीवायएलडी या जनुकातील आनुवंशिक दोषाचा विचार करावा. सिरिंगोसिस्टॅडेनोमा पॅपिलिफेरम पुष्कळदा जन्मापासून किंवा बालपणापासून डोक्यावर असतो. हायड्रोसिस्टोमा ही पापणीजवळची पाणीदार पुटिका होय.

काँड्रॉइड सिरिंगोमा नाक, गाल किंवा वरच्या ओठावर टणक, न दुखणारी गाठ म्हणून येतो. येथे सुईने पेशी काढून केलेली तपासणी उपयोगी पडते. गीम्सा पद्धतीच्या रंजनात पेशींच्या पुंजक्यांभोवती तंतुमय, गडद गुलाबी-जांभळा द्रव्यभाग दिसतो. तो दिसला की पुटी किंवा चरबीची गाठ हे निदान मागे पडते. मात्र अंतिम निर्णय ऊतीच्या छेदावरच द्यावा.

छेदात पोरोमाच्या लहान, एकसारख्या पेशी बाह्यत्वचेतून रुंद पट्ट्यांनी खाली उतरतात; शेजारच्या पेशींपासून त्यांची सीमा चाकूने कापल्यासारखी स्पष्ट असते आणि मधूनमधून बारीक नलिका दिसतात. सिरिंगोमात नलिकांना स्वल्पविरामासारखी शेपटी असते, तर सिलिंड्रोमाचे पेशीपुंज जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत बसलेले असतात. शंका उरल्यास सीईए व ईएमए ही रंजने नलिका दाखवतात. अन्य अवयवातील कर्करोग त्वचेत पसरला आहे का, हे ठरवताना पी६३ या रंजनाची मदत होते, पण त्यावरच विसंबू नये. गाठीची कडा वेडीवाकडी असणे, पेशीविभाजन वाढलेले असणे व ऊतक मृत झालेले असणे ही घातकतेची चिन्हे होत. त्यामुळे वरवरचा तुकडा अपुरा ठरतो, संपूर्ण गाठ हवी.

ही ओळख पटवण्याचे काम विकृतिशास्त्र व त्वचारोगशास्त्र या दोन विषयांचे.

उपचार : पूर्ण काढणे.

काढलेली गाठ कितीही लहान असो, ती टाकून देऊ नये. तिच्या आकारमानाच्या सुमारे दहापट, दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवून, रुग्णाचे वय, गाठीची जागा व किती काळ आहे हे चिठ्ठीवर लिहून ती विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावी.