घोड्यांना हिरव्या गवतापासून लांब ठेवणारी ब्रिटनमधली 'ट्रॅक लिव्हरी' नेमकी काय असते?

घोड्याने गवताशी दोस्ती केली तर तो खाणार काय, ही म्हण सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण ब्रिटनमध्ये अशा काही जागा आहेत, जिथे घोडे चोवीस तास मोकळे फिरतात आणि त्यांच्या पायाखाली हिरव्या गवताची काडीही नसते. असते ती खडी, वाळू, नाहीतर लाकडाच्या ढलप्या. कुंपणाच्या पलीकडे हिरवंगार कुरण, आणि अलीकडे घोडा वाळलेलं गवत चघळत उभा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ही शिक्षाच वाटते. पण घोड्याच्या मालकाने यासाठी दर महिन्याला पैसे मोजलेले असतात, आणि बऱ्याचदा जनावरांच्या डॉक्टरांशी बोलूनच हा निर्णय घेतलेला असतो. कारण यातल्या अनेक घोड्यांसाठी समोरचं ते हिरवं कुरण जिवावर बेतू शकतं.

आता गवत खाणाऱ्या जनावराला गवताचाच धोका कसा, ते समजून घेऊ.

आधी 'लिव्हरी' म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये हौसेने घोडा पाळणारे लोक भरपूर आहेत. पण प्रत्येकाकडे स्वतःची जमीन नसते. असे लोक आपला घोडा दुसऱ्याच्या जागेत ठेवतात आणि त्याचे पैसे देतात. या व्यवस्थेला लिव्हरी म्हणतात.

यात प्रकार असतात. काही ठिकाणी फक्त जागा मिळते आणि खाणं-पाणी, लीद काढणं सगळं मालकाने येऊन करायचं. काही ठिकाणी थोडी कामं जागावाले करतात, तर काही ठिकाणी सगळंच. नेहमीच्या लिव्हरीत घोडा रात्री तबेल्यात आणि दिवसा कुरणात असतो. ट्रॅक लिव्हरीत तबेला आणि कुरण दोन्ही बाजूला ठेवून घोड्यांचा कळप एका लांबलचक वाटेवर राहतो.

खरं दुखणं खुरात आहे

या सगळ्यामागे एक आजार आहे, लॅमिनायटिस. घोड्याच्या खुराच्या आत एक हाड असतं. हे हाड खुराच्या कडक भिंतीला अतिशय नाजूक, पापुद्र्यांसारख्या थरांनी जोडलेलं असतं. घोड्याचं शेकडो किलो वजन याच जोडावर तोललेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये हा जोड दुखावतो आणि सैल पडतो. आजार वाढला तर हाड आतल्या आत फिरतं किंवा खाली सरकतं. वेदना इतक्या असतात की घोडा पाय टाकायला तयार होत नाही. शेवटच्या टप्प्यात त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देण्यावाचून मार्ग राहत नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, वर्षभरात साधारण दर १० घोड्या-पोनींमागे एकाला लॅमिनायटिस होत असल्याचं दिसलं.

याची कारणं अनेक असली तरी बहुतेक वेळा मूळ हार्मोनच्या बिघाडात सापडतं. काही घोड्यांच्या शरीरात साखर गेली की इन्सुलिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतं, आणि हे वाढलेलं इन्सुलिन खुरातल्या त्या नाजूक थरांना मारक ठरतं. लठ्ठ घोडे, मानेवर चरबीचा कडक उंचवटा आलेले घोडे आणि म्हातारपणी कुशिंग्ज हा हार्मोनचा आजार झालेले घोडे यांना धोका जास्त असतो.

गवतात साखर येते कुठून?

गवत दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि ती वाढीसाठी वापरतं. पण तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा खाली गेलं की गवताची वाढ जवळपास थांबते. ऊन मात्र पडतच असतं. मग तयार झालेली साखर वापरलीच जात नाही, ती पात्यात आणि बुंध्यात साठून राहते. म्हणूनच थंडीतली कडक उन्हाची, दव गोठलेली सकाळ दिसायला सुंदर असली तरी लॅमिनायटिसच्या घोड्यासाठी धोक्याची असते. वसंतात गवत जोमाने फुटतं तेव्हाही तीच काळजी.

त्यात ब्रिटनमधली बरीचशी कुरणं मुळात घोड्यांसाठी नाहीतच. दुभत्या गाईंनी भरपूर दूध द्यावं म्हणून तिथे रायग्रास जातीचं, जास्त साखरेचं गवत पेरलं गेलं. आणि त्यावर चरणारे शेटलंड, एक्समूर, डार्टमूर, वेल्श हे पोनी कोणते? तर डोंगराळ, वाऱ्या-पावसाच्या माळरानावर रुक्ष, निकृष्ट चाऱ्यावर तगून राहिलेल्या जाती. थोडक्या खाण्यावर जगण्यासाठी घडलेलं जनावर मेजवानीच्या ताटासमोर उभं केल्यासारखं आहे हे.

मग चरायला कमी सोडलं तर?

सगळ्यात आधी सुचणारा उपाय हाच. पण तो दोन कारणांनी फसतो.

एक म्हणजे पोनी हुशार असतात. दिवसातले तीनच तास कुरणात सोडलेले पोनी त्या वेळेत भराभर चरून घेतात आणि दिवसभराच्या चाऱ्याचा मोठा वाटा तेवढ्यातच उरकतात, हे अभ्यासात दिसून आलं आहे.

दुसरं कारण पोटाचं. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाणं असो वा नसो. त्या आम्लाची धार कमी करणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो, त्यामुळे त्याचं जमतं. तबेल्यात तासन् तास उपाशी उभ्या राहिलेल्या घोड्याला मात्र पोटात अल्सर होण्याची भीती असते. शिवाय एकटं कोंडून ठेवल्यावर लाकूड चावणं, सारखं डोलत राहणं अशा सवयी लागतात.

म्हणजे मालक कात्रीत सापडतो. कुरणात सोडलं तर खूर जातात, कोंडून ठेवलं तर पोट आणि मन बिघडतं. तोंडाला जाळीची मुसकी बांधून चरायला सोडणं हा मधला मार्ग अनेक जण वापरतात. ट्रॅक हा दुसरा मार्ग.

ट्रॅकची कल्पना आली कुठून?

ही कल्पना अमेरिकेतून आली. जेमी जॅक्सन हे तिथले नालबंद. त्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन भागातल्या रानटी मस्टँग घोड्यांचा अभ्यास केला. हे घोडे पाणी, चारा आणि विसाव्याची जागा यांच्यामध्ये ठरलेल्या वाटांनी सतत चालत राहतात आणि त्यांचे खूर नाल नसतानाही टणक असतात, हे त्यांनी पाहिलं. पुढे २००० च्या दशकात त्यांनी 'पॅडॉक पॅरडाइज' या पुस्तकात पाळीव घोड्यांसाठी अशीच वाट तयार करण्याची पद्धत मांडली.

रानटी घोडा किती चालतो, याचा अंदाज ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातून येतो. तिथल्या रानटी घोड्यांना जीपीएस लावलं तेव्हा ते दिवसाला सरासरी १६ किलोमीटरच्या आसपास चालत असल्याचं आढळलं. कुंपणातले पाळीव घोडे त्याच्या निम्मंही चालत नाहीत. सगळं समोर असताना चालायचं तरी कशासाठी?

ट्रॅक तयार कसा होतो?

समजा १०० मीटर बाय १०० मीटरचं, म्हणजे १ हेक्टर किंवा साधारण अडीच एकरांचं शेत आहे. बाहेरचं कुंपण आहे तसंच ठेवायचं. त्याच्या आत ४ मीटर अंतरावर विजेच्या तारेचं दुसरं कुंपण घालायचं. या दोन कुंपणांमध्ये जी गोल फिरणारी वाट तयार होते, तोच ट्रॅक.

हिशोब केला तर वाट जवळपास ४०० मीटर लांब होते, पण जमीन लागते फक्त १५ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या ८५ टक्के जागेत गवत वाढवून, कापून, वाळवून तेच घोड्यांना घालता येतं.

पण नुसती वाट आखून घोडा चालत नाही. त्यासाठी पाणी एका टोकाला, चारा तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी, मिठाचा खडा तिसरीकडे आणि पावसापासून आडोसा चौथीकडे ठेवतात. कळपातला एक घोडा पाण्याकडे निघाला की बाकीचे मागे निघतात. सगळं एकाच जागी ठेवलं तर ट्रॅक कितीही लांब असो, घोडे तिथेच उभे राहतात.

'गवत नको' म्हणजे उपाशी ठेवायचं?

नाही. इथे फक्त ताजं हिरवं गवत टाळलेलं असतं. वाळलेलं गवत मात्र दिवस-रात्र थोडं थोडं मिळत राहतं.

साधारण ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या २ टक्के, म्हणजे १० किलो कोरडा चारा लागतो. वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो दीड टक्क्यापर्यंत आणतात. हा चारा बारीक भोकांच्या जाळ्यांत भरतात, म्हणजे घोड्याला एकेक काडी ओढून खावी लागते आणि तेवढाच चारा जास्त वेळ पुरतो.

वाळलेल्या गवतातही साखर असतेच. म्हणून आजारी घोड्यांसाठी ते प्रयोगशाळेत तपासून घेतात. साखर आणि पिष्ट मिळून १० ते १२ टक्क्यांच्या आत असावेत, असा सल्ला असतो. गवत पाण्यात भिजवल्यावर काही साखर निघून जाते, पण किती निघेल याचा नेम नसतो. वाळवताना ई जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं आणि भिजवताना काही खनिजंही जातात. ती भरून काढायला वेगळा पूरक आहार द्यावा लागतो.

आपल्याकडे घोड्याचा खुराक म्हटलं की हरभरा आठवतो. दिवसभर ओझं वाहणाऱ्या किंवा टांग्याला जुंपलेल्या घोड्याला असा ताकदीचा खुराक लागायचा. ब्रिटनमधला हौसेचा पोनी आठवड्यातून दोन-तीनदा रपेटीला जातो. कष्ट कमी आणि खाणं जास्त, हे त्याचं दुखणं आहे.

जमीन कशी असावी?

इथेच बरेच ट्रॅक फसतात. नव्या ट्रॅकवरचं गवत घोडे काही दिवसांत खाऊन बुटकं करतात आणि मालकाला वाटतं, झालं काम. पण गवत साखर साठवतं ती मुख्यतः बुंध्यात, त्यामुळे हे कुरतडलेलं गवतही सुरक्षित नसतं. शिवाय ब्रिटनचा पाऊस सुरू झाला की गवत गेलेल्या मातीचा चिखल होतो.

म्हणून पक्क्या ट्रॅकवर पाण्याचा निचरा करून वर खडी, बारीक गोटे, वाळू किंवा लाकडाच्या ढलप्या टाकतात. वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चालून खुरांनाही चालना मिळते. ट्रॅकवरचे बरेच घोडे बिननालाचे असतात. चारा मात्र वाळूवर टाकत नाहीत, कारण वाळू पोटात जाऊन पोटशूळ उठू शकतो. कुंपणाजवळ सायकॅमोर किंवा यूसारखी विषारी झाडं नाहीत ना, हेही बघावं लागतं. सायकॅमोरच्या बिया आणि रोपं घोड्याचे स्नायू निकामी करतात.

यात अडचणी कोणत्या?

पहिली पैशाची. दिवसाला १० किलोच्या हिशोबाने एका घोड्याला वर्षाला साडेतीन टनांहून जास्त वाळलेलं गवत लागतं. उन्हाळ्यात फुकटात चरणारा घोडा आता बाराही महिने विकतचा चारा खातो. खडी टाकायचा खर्च वेगळाच, आणि त्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगीही लागू शकते.

दुसरी मेहनतीची. एक घोडा दिवसाला १५ ते २० किलो किंवा त्याहून जास्त लीद टाकतो, आणि अरुंद वाटेवरून ती रोज उचलावी लागते.

तिसरी कळपाची. प्रत्येक कळपात एखादा दांडगा घोडा असतोच. वाटेत चिंचोळे कोपरे असतील तर दुबळा घोडा तिथे अडकतो आणि लाथा खातो. म्हणून वळणं रुंद ठेवतात आणि चाऱ्याच्या जागा घोड्यांच्या संख्येपेक्षा जास्त असतात. सडपातळ घोडा आणि लठ्ठ पोनी एकाच कळपात असतील तर दोघांना सारखा चारा चालत नाही, ही आणखी एक डोकेदुखी.

सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅक हा लॅमिनायटिसवरचा उपचार नाही. आजार उफाळलेल्या घोड्याला चालवणं म्हणजे त्याचं खूर आणखी मोडणं. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलत असेल, वळताना अडखळत असेल, खूर गरम लागत असतील आणि खुराच्या वरची नाडी जोरात उडत असेल, तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं आणि त्याला मऊ, जाड अंथरुणावर विश्रांती द्यायची. ट्रॅकची पाळी येते ती डॉक्टरांनी चालायला परवानगी दिल्यावर.

घोडा ठेवण्याआधी काय विचारतात?

ट्रॅक लिव्हरी हा शब्द कोणीही आपल्या फाटकावर लावू शकतं. त्यामुळे जाणकार मालक आधी काही गोष्टी विचारून घेतात. पावसाळी महिन्यांत वाट कशी दिसते? चारा रात्रीही मिळतो का, आणि तो तपासलेला आहे का? माझ्या घोड्याचं वजन कोण आणि किती दिवसांनी मोजणार? नवा घोडा कळपात हळूहळू मिसळतात की थेट सोडतात? आजारी पडला तर त्याला वेगळं ठेवायला, पण बाकीचे घोडे दिसतील अशी जागा आहे का?

या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली, तर कोंडवाड्यात आयुष्य काढण्याची वेळ आलेला पोनीही पुन्हा चार सोबत्यांमध्ये मोकळा फिरू शकतो. खडीवरून चालणाऱ्या त्या घोड्यासाठी मालक दरमहा पैसे मोजतो ते याचसाठी.