छपराची गोधडी

पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस गादीत भरला, म्हणजे दबून गेलेली तीच गादी पुन्हा फुगते व ऊब देऊ लागते. कापूस वाढलेला नसतो. वाढते ती त्याच्या तंतूंत अडकलेली हवा. स्थिर हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. गोधडीचे हे साधे शास्त्र थंड देशांतील लोकांनी घराला लावले आणि छत व छप्पर यांमधील पोकळी, तशाच भिंतींतील पोकळ्या, भरून काढल्या. प्रथम लाकडाचा भुसाही चालला. पुढे यंत्र आले.

या यंत्राचे पिंजाऱ्याशी जवळचे नाते आहे. दाबून बांधलेला गठ्ठा त्याच्या हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या मोठ्या चाडीत, टाकतात. आतील फिरते दाते तो पिंजतात. त्यांना अ‍ॅजिटेटर म्हणतात. एअरलॉक नावाचे फिरते पाते माल पुढे जाऊ देते, पण हवा मागे येऊ देत नाही. मग ब्लोअरचा वारा तो तंतुमय माल लांब नळीतून माळ्यावर फुंकतो. एक मनुष्य खाली यंत्राला गठ्ठे पुरवितो, तर दुसरा वर नळी धरतो. माळ्यावर माल सैल पसरतात. भिंतीत मात्र लहान छिद्रे पाडून तो घट्ट ठासतात. कागदी माल माळ्यावर कालांतराने शेकडा १५ ते २० खाली बसतो, म्हणून आरंभीच थर जाड द्यावा लागतो. उष्णतेला होणाऱ्या विरोधाचे माप ते आर-मूल्य.

१९७३ साली तेलाचा भाव कडाडला, तेव्हा अमेरिकेत घरे उबदार ठेवण्याचा खर्च असह्य झाला आणि रद्दी वर्तमानपत्रांच्या लगद्यासारख्या भुग्याला मोठी मागणी आली. कागद पेट घेतो, म्हणून त्यात टाकणखाराच्या जातीचे क्षार मिसळावे लागतात. घाईच्या धंद्यात ही काळजी सर्वत्र राहिली नाही. अखेर १९७८ साली अमेरिकन काँग्रेसला अग्निसुरक्षेसाठी खास कायदा करावा लागला.

याहून दारुण कथा ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिची आहे. तेथील हिवाळ्यात रात्री पाणी गोठते. १९६८ पासून तेथे एका कंत्राटदाराने घरांच्या माळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा सुटा तंतू फुंकण्याचा व्यवसाय मांडला. लोक पुढे त्याला ‘मिस्टर फ्लफी’ म्हणू लागले. तंतू स्वस्त होता, जळत नव्हता, हलका होता. परंतु तो श्वासावाटे फुप्फुसात शिरला, की कित्येक वर्षांनी प्राणघातक कर्करोग उद्भवू शकतो. १९६८ सालीच आरोग्यखात्यातील एका तज्ज्ञाने हा उद्योग थांबवावा असे लिहून कळविले होते. तो कागद दप्तरात राहिला आणि नळी १९७९ पर्यंत चालू राहिली. एक हजारावर घरांत हा तंतू पडला.

१९८८ ते १९९३ या काळात सरकारने माळे साफ केले. घरे निर्धोक झाली असे मानून लोक निश्चिंत राहिले. मुले वाढली, घरे विकली गेली. पण वाऱ्याने जे फुंकले ते फटीफटींतून भिंतींच्या पोकळीत व जमिनीखाली उतरले होते. पुढे ते उघडकीस आले, आणि २०१४ साली सरकारने ती घरे विकत घेऊन पाडण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या अंगणात झाडे लावली, ते अंगण सोडून कुटुंबांना जावे लागले.

दोष यंत्राचा नव्हता. चाडीत जे घालावे तेच ते इमानाने फुंकते. आपल्याकडे गोधडी शिवणारी आजी प्रत्येक चिंधी हाताने पारखून घेते, कारण त्या गोधडीखाली नातवंड निजणार असते. हजार घरांची गोधडी भरताना ती पारख एका माणसाने केली होती. तिचे ऐकणारे मात्र कोणी निघाले नाही.