जात्यांची फरशी : घरची बिअर, धान्याचं पोतं आणि दळणावळीचे पैसे

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये उभे असाल, तर जरा दांडा घट्ट धरा. आज आपल्याला थेट चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जायचंय, तेही एका फरशीसाठी.

त्याआधी एक प्रश्न. तुमच्या घरी अजून वर्षाचं धान्य भरतात का? एप्रिल-मे महिन्यात गव्हाची पोती यायची, गच्चीवर ऊन द्यायचं, निवडायचं, मग कडुनिंबाचा पाला किंवा बोरिक पावडर लावून कोठीत भरायचं. पुढे वर्षभर डबा घेऊन खालच्या गिरणीत. गहू एकरकमी घेतला की स्वस्त पडतो, आणि दळून लगेच वापरला की पोळी चांगली होते. हे गणित आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये घरच्या घरी बिअर करणाऱ्या लोकांचं गणितही हेच आहे. पंचवीस किलोचं पोतं घ्यायचं, घरात छोटी चक्की ठेवायची आणि लागेल तेव्हा भरडायचं. दिसायला छंद आहे, पैसे वाचवायची युक्ती आहे. पण धान्य कुणाच्या चक्कीवर दळायचं, यावरून एकेकाळी माणसं फासावर गेलीत.

एक खुलासा आधीच करतो. हा 'घरी बिअर कशी बनवावी' असा एपिसोड नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे कमेंटमध्ये रेसिपी मागू नका.

तर आधी माल्ट म्हणजे काय ते बघू. आपण नाचणीला मोड आणतो, वाळवतो, दळतो आणि बाळासाठी सत्त्व करतो ना? बार्लीचं तसंच करायचं. भिजवायची, मोड येऊ द्यायचे, मग भट्टीत वाळवायची. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिष्टाची साखर करतात. हे माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी मिळतं, ते आंबवलं की बिअर. पण पाणी आत शिरायचं तर दाणा फुटायला हवा. आणि फुटायला हवा म्हणजे पीठ व्हायला नको! टरफल शाबूत राहिलं तर तेच गाळणीचं काम करतं. पीठ झालं की सगळा चिखल, पाणी खाली उतरतच नाही. म्हणजे माल्ट दळायचं नसतं, भरडायचं असतं. आपल्याकडे यासाठी वेगळा शब्दच आहे.

आता चला सेंट अल्बन्सला. लंडनच्या उत्तरेला साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेलं गाव. तिथला मठ प्रचंड श्रीमंत आणि गाव मठाच्या मालकीचं. मठाधिपती म्हणजे अॅबट, तोच जमीनदार. आणि जमीनदाराचा एक हक्क असा की गावातल्या सगळ्यांनी दळण त्याच्याच पाणचक्कीवर न्यायचं. धान्य असो वा माल्ट, चक्कीवर गेलं की त्यातला ठरावीक वाटा मठाचा. आपल्या भाषेत दळणावळ. फक्त इथे गिरणीवाला निवडायची सोय नव्हती, आणि घरी जातं ठेवलं तर ते जप्त.

हा भुर्दंड किती जाचक असेल याचा अंदाज घ्यायचा तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात एल, म्हणजे हॉप्स न घातलेली बिअर, हे रोजचं पेय होतं. बायका घरी करायच्या. ती थोड्याच दिवसांत आंबट व्हायची, म्हणून वारंवार करावी लागायची. म्हणजे वारंवार माल्ट भरडायचं, आणि दर वेळी वाटा द्यायचा. घरात दगडी जातं असेल तर तो वाटा वाचतो. गावकऱ्यांनी जाती ठेवली. मठाने विरोध केला. भांडण तेराव्या शतकापासून पिढ्यान् पिढ्या चाललं.

१३२७ मध्ये रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड अॅबट झाला. हा माणूस मोठा विलक्षण. गणिती, खगोलाचा अभ्यासक, त्याने बनवायला घेतलेलं खगोलीय घड्याळ त्या काळातलं आश्चर्य मानलं जायचं. त्याला कुष्ठरोगही झाला होता. विज्ञानाच्या इतिहासात त्याचं नाव आदराने घेतात. पण गावकऱ्यांना तो घड्याळासाठी आठवत नव्हता. १३३१ च्या सुमाराला त्याने खटला जिंकला, घरोघरची जाती जमा करून घेतली, आणि त्या तळ्या मठाच्या बैठकीच्या दालनात जमिनीत बसवल्या. फरशी म्हणून! तुम्ही मठात काही काम घेऊन गेलात की तुमच्याच आजीच्या जात्यावर पाय देऊन आत जायचं.

मला यातली हुशारी कळते आणि म्हणूनच राग येतो. जाती फोडून नदीत टाकता आली असती. पण मग लोक विसरले असते.

लोक विसरले नाहीत. पन्नास वर्षं गेली. १३८१ मध्ये इंग्लंडभर शेतकऱ्यांचं बंड पेटलं. सेंट अल्बन्समध्ये पुढारी होता विल्यम ग्राइंडकॉब. जमाव मठात घुसला, त्या दालनातल्या जात्याच्या तळ्या उखडल्या, फोडल्या आणि तुकडे एकमेकांना वाटले. चर्चमध्ये रविवारी पवित्र पाव वाटतात तसे. हे आपल्याला कुणी सांगितलं? थॉमस वॉल्सिंगहॅम नावाच्या त्याच मठातल्या साधूने. बंडखोरांचा त्याला मनापासून तिटकारा होता, तरी त्याने हा तपशील लिहून ठेवला. जे जातं उखडलं ते वापरायला नव्हतं, एवढं त्यालाही कळलं असणार. ग्राइंडकॉबला त्याच वर्षी जुलैमध्ये फाशी झाली. विसाव्या शतकात फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉखने पाणचक्कीच्या इतिहासावर लिहिताना हीच कथा पुन्हा उजेडात आणली.

इथून उडी मारू या थेट १८२१ वर. मधल्या काळात हॉप्स आले, बिअर टिकायला लागली, मोठ्या ब्रुअरी उभ्या राहिल्या. चक्कीवाल्या जमीनदाराच्या जागी आता सरकार बसलं होतं. १६९७ पासून माल्टवर कर होता. शिवाय विकायच्या बिअरवर वेगळा कर. घरी पिण्यासाठी केलेल्या बिअरवर मात्र तो दुसरा कर नव्हता. म्हणजे बघा, ज्याच्याकडे मोठा हंडा, जागा आणि पोतंभर माल्ट घ्यायला पैसे, तो जमीनदार एकदाच कर भरायचा. आणि जो मजूर रोज संध्याकाळी पबमध्ये मगभर विकत घ्यायचा, तो दोनदा.

या अन्यायावर तुटून पडला विल्यम कॉबेट. पत्रकार, भांडखोर, तुरुंगात जाऊन आलेला, आणि हिशेबाला पक्का. १८२१-२२ मध्ये त्याने 'कॉटेज इकॉनॉमी' नावाची पुस्तिका हप्त्याहप्त्याने काढली. म्हणजे त्या काळचा पॉडकास्टच म्हणा ना. त्याचा शत्रू कोण, तर चहा! मजूर घरची बिअर सोडून चहा प्यायला लागले आणि त्यातून कंगाल झाले, हा त्याचा दावा. मग त्याने वर्षाचा खर्चच मांडला. चहापत्ती, साखर, दूध, कपबशा, पाणी उकळायला जाळलेलं सरपण, चहा करण्यात गेलेला वेळ, आणि चहाने भागत नाही म्हणून पबमध्ये उडालेले पैसे. सगळं मिळून ११ पौंड ७ शिलिंग २ पेन्स. उलट घरी बिअर केली तर माल्ट आणि हॉप्सचा वर्षाचा खर्च ७ पौंड ५ शिलिंग. वाचले ४ पौंड २ शिलिंग २ पेन्स. शेतमजुराला तेव्हा आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत, म्हणजे साधारण दोन महिन्यांची मजुरी. शिवाय उरलेला चोथा डुकराला घालायचा, ते वेगळंच.

हिशेब वाचताना मजा येते, पण त्यात गंमत आहे. वेळेची किंमत त्याने चहाच्या खात्यात लावली. बिअर करायला आख्खा दिवस जातो, त्याचं काय? तो म्हणणार, ते काम घरची बाई करते. बरोबर, फुकट! आपल्याकडेही दळणाचा खर्च हिशेबात कधी धरला जात नव्हता, कारण पहाटे जात्यावर बसणारीला कुणी मजुरी देत नव्हतं.

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. तांब्याचा हंडा, लाकडी पिंपं, माल्टची पोती हे सगळं एकरकमी घ्यायचं. आठवड्याला नऊ शिलिंगवाला आणणार कुठून? पोत्याने घेतलेलं स्वस्त पडतं हे गरिबाला माहीत असतंच, पोत्याचे पैसे एकदम हातात नसतात. त्यात गावाच्या सामायिक जमिनींना कुंपणं पडत होती, फुकटचं सरपण संपत होतं. कॉबेट कितीही ओरडला तरी मजुराच्या घरातली बिअर कमीच होत गेली. चहा जिंकला.

१८८० मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून टाकला. आता कर लागणार तो धान्यावर नव्हे, त्यातून काढलेल्या गोड पाण्यावर. धान्य कुठलं घ्या, कसं भरडा, सरकारला देणंघेणं नाही. मात्र घरी बिअर करणाऱ्याला आता लायसन्स लागू लागलं. ते गेलं १९६३ च्या बजेटमध्ये, अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंगच्या काळात.

इथे एक मिनिट थांबून आपल्या कोकणात डोकावू. कारण त्याच इंग्रजांनी इकडे काय केलं? १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि दारू गाळणं मोठ्या सरकारी नियंत्रणाखालच्या भट्ट्यांकडे वळवलं गेलं. ठाणे-कुलाब्यातले आदिवासी मोहाची फुलं वेचून घरी गाळत होते, ते बेकायदा ठरलं. तरी भागेना, म्हणून १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला. या जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध! इंग्लंडमध्ये धान्य मोकळं केलं त्यानंतर बारा वर्षांनी ठाण्यात झाडाखाली पडलेलं फूल कायद्यात अडकलं. मोह फक्त दारूसाठी नसतो, टंचाईत तो खाल्ला जातो, हे साहेबाच्या गावी नसावं. किंवा असावंही.

आता शेवटचा टप्पा, अमेरिका. १९२० ते १९३३ दारूबंदी. ती उठली, घरी वाइन करायला परवानगी मिळाली, बिअर मात्र कायद्यातून राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरने सही केली आणि १९७९ पासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन, अशी सूट मिळाली. तरी राज्यांचे कायदे वेगळे होते. अलाबामा आणि मिसिसिपीत २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली.

सुरुवातीला बहुतेक लोक डब्यातला माल्टचा पाक वापरायचे. सोपं असतं, पण कुणीतरी आधीच धान्य भरडून, पाणी काढून, आटवून दिलेलं असतं. त्या सगळ्याचे पैसे तुम्ही देता. मग थोडे सरावले की लोक धान्यावर येतात, किलोच्या भावाने, दुकानातूनच भरडून आणलेलं. आणि मग एक दिवस डोक्यात येतं, पोतंच का घेऊ नये? वीस लिटरच्या एका घाण्याला चार-पाच किलो माल्ट लागतं. पंचवीस किलोच्या पोत्यात पाच-सहा घाणे. भाव बराच उतरतो. पण भरडलेलं माल्ट हवेतला दमटपणा ओढतं, काही आठवड्यांत शिळं लागतं. आख्खा दाणा कोरडा ठेवला तर वर्षभर राहतो. म्हणजे पोतं परवडायचं असेल तर चक्की घरातच हवी. सेंट अल्बन्सच्या बायकांना नव्याने सांगायची गरज नव्हती.

मग चक्की कुठली? इथे एंट्री होते 'कोरोना'ची. दचकू नका, त्या रोगाशी संबंध नाही. कोलंबियात मक्याच्या अरेपा नावाच्या भाकऱ्या करतात, त्यासाठी मका दळायची ही हाताने फिरवायची लोखंडी चक्की. ओट्याच्या कडेला शिकंजाने आवळायची, वरून दाणे, समोर दोन खवल्यांच्या चकत्या. स्वस्त आणि दणकट. अमेरिकन होमब्रुअरनी ती उचलली, चकत्या थोड्या सैल केल्या आणि माल्ट भरडायला लागले. टरफल जरा फाटतं, धूळ उडते, हात भरून येतो, पण चालतं. पुढे दोन रोलरच्या खास चक्क्या आल्या. रोलरमध्ये साधारण एक मिलिमीटर फट, दाणा दाबला जातो आणि टरफल शाबूत. दांडा फिरवायचा कंटाळा आला की लोक त्याला भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल मशीन लावतात.

आता 'वाचतात का खरंच पैसे' हा प्रश्न. दर घाण्याला वाचणाऱ्या पैशाने चक्कीची किंमत भागा, जो आकडा येईल तितके घाणे केलेत तर वाचतात. वर्षातून दोनदा करणाऱ्याने दुकानातूनच भरडून आणावं, असं माझं स्पष्ट मत. आणि अनेकांचं होतं असं, की बिअर स्वस्त पडते म्हणून जास्त केली जाते, मग नवं भांडं, नवा फ्रिज. कॉबेटच्या वहीत हा रकाना नव्हता.

पण ज्यांच्याकडे पोत्याचे पैसे एकदम नसतात किंवा ठेवायला जागा नसते, त्यांनीही एक वाट काढली. होमब्रुअरचे क्लब मिळून थेट मोठी ऑर्डर देतात. आपल्या सोसायटीत देवगडहून हापूसच्या पेट्या मागवतात ना, अगदी तसं. शनिवारी सकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये टेम्पो लागतो, वजनकाटा येतो, पोती फुटतात आणि दहा किलो तुझे, पाच किलो माझे असं वाटप होतं. बऱ्याचदा क्लबची एकच सामायिक चक्की असते. नंबर लावायचा, आपलं भरडायचं, डबा भरून घरी. दळणावळ कुणी घेत नाही.