क्रीडास्पर्धा : पाणी व वीज नियोजन
मोठ्या स्पर्धेच्या मैदानाला हिरवळीसाठी पाणी आणि प्रकाशझोत, प्रक्षेपण व पंचांच्या यंत्रणेसाठी अखंड वीज लागते. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण दुष्काळात आटल्याने १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी लातूरला आले. याच दुष्काळामुळे दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेट मंडळाने दाखवली, पण प्रकरण कोर्टात गेल्यावर. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. मैदानांवर वाचलेले पाणी लातूरच्या नळांना येणार नव्हतेच. विजेची हेळसांड मुंबईच्या वानखेडे मैदानावर १२ मे २०२२ रोजी दिसली : वीज खंडित झाल्याने फलंदाज डेव्हन कॉन्वेला पायचीत निर्णयाविरुद्ध दाद मागता आली नाही.