विनोदी लेखसंग्रह, मराठी
मराठी विनोदी निबंधाचा पाया श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी घातला. त्यांच्या सुदाम्याचे पोहे या संग्रहातील सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे त्रिकूट रूढी निष्ठेने पाळू जाते व त्या ओघातच त्या हास्यास्पद ठरतात. रा. ग. गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने अतिशयोक्ती व कोटिबाजी यांवर भर दिला. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याचे पाली भाषेचे पंडित. त्यांच्या एरंडाचे गुऱ्हाळमध्ये (१९३२) चिमणराव स्वतःच आपली फजिती आठवणींच्या रूपाने सांगतो. हसणे निवेदकावरच उलटते. कोल्हटकरांची सुधारकी धार येथे ओसरली खरी. परंतु मध्यमवर्गीय संसाराचे इतके विश्वसनीय चित्र तत्कालीन गंभीर आत्मचरित्रांतही क्वचितच आढळते. पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्ती आणि वल्लीमध्ये (१९६२) निवेदक बाजूला सरून भेटलेल्या माणसांना पुढे करतो.