जॉन फ्लिन यांचा कॅमेरा आणि ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग

किनाऱ्यापासून दूर, विरळ वस्तीचा आणि बहुतांशी कोरडा असा ऑस्ट्रेलियाचा जो अंतर्भाग ‘आउटबॅक’ या नावाने ओळखला जातो, त्याचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे रोजचे जगणे आज डोळ्यांपुढे उभे राहते, याचे बरेचसे श्रेय जॉन फ्लिन यांच्या छायाचित्रांना द्यावे लागते. व्हिक्टोरिया प्रांतात १८८० मध्ये जन्मलेले फ्लिन हे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक आणि विमानाने वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या सेवेचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु विद्यापीठाचा खर्च झेपत नसल्याने १८९८ मध्ये ते प्रथम उमेदवार शिक्षक झाले, म्हणजे शाळेत शिकवता शिकवता अध्यापनाचे धडे घेऊ लागले, आणि छायाचित्रण व प्रथमोपचार या दोन्ही गोष्टींची गोडी त्यांना याच काळात लागली. त्यांच्या पुढील कार्यामागे ही शिक्षकाची घडण होती, हे चरित्रकथांत पुरेसे ठसत नाही.

धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन १९११ मध्ये ते ॲडलेडच्या उत्तरेस सुमारे ५०० किलोमीटरवरील बेल्टाना या गावी गेले. या गावाचा एक धागा जुन्या मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचतो: टॉमस एल्डर या उद्योजकाने १८६६ मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि ते हाकणारे लोक आणवले, तेव्हा कराची त्या इलाख्यातच होती, आणि बेल्टाना हे त्या उंटांच्या पैदाशीचे केंद्र बनले. जेथे रेल्वे नव्हती तेथे पीठ, चहा, पत्रे आणि लोकर उंटांच्या तांड्यांवरूनच जात. फ्लिन यांच्या पुढे स्थापन झालेल्या संस्थेचे फिरते उपदेशकही उंटांवरून दौरे करत. या भागात ‘स्टेशन’ म्हणजे गुरामेंढरांची अफाट कुरणे असलेली मालमत्ता, आणि अशा दोन स्टेशनांमधले अंतर कित्येकदा दिवसांच्या प्रवासात मोजावे लागे. अशा ठिकाणी बाळंतपण किंवा घोड्यावरून पडून मोडलेले हाड हा जिवावरचा प्रसंग ठरू शकत असे.

हे अंतर शहरी माणसाच्या मनात केवळ शब्दांनी उतरणार नाही, याची जाण फ्लिन यांना होती. १९१२ मध्ये त्यांच्या अहवालावरून ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ स्थापन झाले, पुढच्याच वर्षी ‘द इनलँडर’ हे नियतकालिक निघाले आणि त्यात छायाचित्रांबरोबर नकाशेही येऊ लागले. व्याख्यानांत ते काचेवरची चित्रे प्रकाशझोताने पडद्यावर मोठी करून दाखवत. कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने ज्याचे खेळ केले, त्याच जातीचे हे उपकरण होय. वर्गात फळ्याजवळ उभे राहून दूरचा मुलूख समजावून देणाऱ्या शिक्षकाचीच ही रीत होती, फक्त समोर आता देणगीदार आणि धोरणकर्ते होते. चित्र हे त्यांच्या दृष्टीने गरजेचा पुरावा होते, आणि या पुराव्याने तयार झालेल्या जनमताच्या बळावर परिचारिकांची छोटी रुग्णालये उभी राहिली. १९२८ मध्ये क्लोंकरी येथून हवाई वैद्यकीय सेवा सुरू झाली, तर आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने फिरवायच्या जनित्रावर चालणारा बिनतारी संच तयार करून एकाकी घरांना डॉक्टरशी जोडले. त्याच बिनतारी जाळ्यावर १९५१ मध्ये, फ्लिन यांच्या निधनाच्या वर्षी, ॲलिस स्प्रिंग्ज येथे दूरवरच्या मुलांसाठी ‘स्कूल ऑफ द एअर’ ही आकाशशाळा भरू लागली. तिची कल्पना मांडणाऱ्या ॲडलेड मिथके याही शिक्षणक्षेत्रातल्याच होत्या.

तथापि ज्या हेतूने चित्रे घेतली गेली, त्या हेतूनेच त्यांची चौकटही ठरवली. अंतर्भागात गोऱ्या कुटुंबांनी स्थिरावावे हे मिशनचे मुख्य उद्दिष्ट होते. हजारो वर्षे तेथे राहणारे आणि स्टेशनांवरची कष्टाची कामे करणारे आदिवासी त्याच्या सेवेच्या केंद्रस्थानी नव्हते, आणि या उपेक्षेबद्दल ॲडलेडचे शल्यविशारद चार्ल्स ड्युगिड यांनी मिशनवर टीका केली. ही टीका रास्त होती. कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेला फ्लिन यांच्या छायाचित्रांचा संग्रह पाहताना म्हणूनच व्हरांड्यात बसलेल्या कुटुंबाबरोबर त्या घरचे पाणी कोण भरत होते, गुरे कोण वळत होते, हेही अभ्यासकाला विचारावे लागते.